सर्व्हरच्या दारावरची खोटी पाटी

मी एका सर्व्हरला दुसऱ्याच्या नावाने जगायला लावलं. दोन वर्षं ते कुणालाही कळलं नाही, आणि पहिल्या महिन्यानंतर मी स्वतःही ते विसरून गेलो.

सर्व्हर म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे काही येतं तसा तो नव्हता. अलिबागहून एसटीने तासाभरावर, खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत टेबलाखाली ठेवलेली ती एक काळी पेटी. कचेरी बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर. खाली दिवसभर यंत्रं घुमतात, त्यामुळे वरची फरशी सतत बारीक थरथरते आणि वैशाखातसुद्धा तळपायाला गार लागते. अशा फरशीवर चपला काढून बसलं, की दहाव्या मिनिटाला माणूस आपण कशासाठी आलो ते विसरतो. निदान मी विसरतो. खिडकीतून खालचं वाळवण दिसतं, पलीकडे खाडी, आणि भरती असली तर होड्यांचे नाळ, म्हणजे पुढची टोकं, एकाच लयीत माना डोलावत असतात. मीही डोलावतो.

कुठल्याशा योजनेतून सोसायटीला संगणक, त्यावरचं सॉफ्टवेअर आणि ते सांभाळायला मी, असे तिघे एकदम मिळाले होते. सॉफ्टवेअरच्या पोटात एका मोठ्या कंपनीचा विकतचा डेटाबेस होता. ही कंपनी सोवळ्यातली. ती म्हणते, आमचा डेटाबेस तुम्ही खुल्या, म्हणजे कुणीही घ्यावी, उघडून वाचावी, हवी तशी बदलावी अशा ऑपरेटिंग सिस्टिमवर जरूर चालवा. पण आम्ही दिलेल्या यादीतल्याच सिस्टिमवर, आणि यादीतल्याच आवृत्तीवर. यादीबाहेरच्या कशावर तो चाललाच, तर ते तुमचं नशीब. बिघडला तर आम्हाला फोन करू नका.

यादीत जी सिस्टिम होती, तिचा एक जुळा भाऊ आहे. एकाच मजकुरातून दोघे जन्मतात. एकाला एक वेगळी कंपनी सांभाळते आणि मदतीच्या करारासकट विकते. दुसऱ्याला जगभरातले हौशी लोक बांधतात आणि फुकट सोडून देतात. तोंडावळा तोच, चाल तीच, खोड्याही त्याच. फक्त दुसऱ्याचं नाव यादीत नाही.

गंमत अशी, की थोरल्या भावाचा परवाना आमच्या सोसायटीकडे होता. रीतसर होता. त्याची किल्ली, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ, चेअरमनच्या मेलवर आली होती. पण उद्घाटन दुसऱ्या दिवशी, आणि चेअरमन, जे मूळचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, तीन दिवसांसाठी होडी घेऊन खोल समुद्रात. तिथे फोनला रेंज नाही. मी म्हटलं, आजच्यापुरता धाकटा बसवू. चेअरमन आले की थोरल्याला आणू.

डेटाबेस बसवताना तो आधी विचारतो, घर कुणाचं? विचारतो म्हणजे काय, एका छोट्या फाइलमधली एकच ओळ वाचतो. तिच्यात सिस्टिमचं नाव लिहिलेलं असतं. मी ती ओळ खोडली आणि तिथे थोरल्या भावाचं नाव लिहिलं. डेटाबेसने वाचलं, समाधानाने मान हलवली आणि पाट मांडून बसला. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, माझ्या हातात शाल-श्रीफळ आलं. चेअरमन परत आले तोवर सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की आता चालत्या गाड्याला खीळ कशाला, असं मीच मला सांगितलं. मी स्वतःला सांगितलेल्या गोष्टी मला फार चटकन पटतात.

आता त्या पेटीत काय होतं ते सांगतो. होड्यांची यादी होती, खलाशांची होती, पण बायकांच्या दृष्टीने खरी गोष्ट एकच, ती म्हणजे वलांडींची नोंद. वलांडी म्हणजे बांबूच्या उभ्या-आडव्या काठ्यांची मांडवासारखी चौकट, बोंबील वाळत घालायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी काठीवर टाकतात, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. पाऊस उघडला की सगळं वाळवण या जोड्यांनी भरून जातं. वारा आला की हजारो बोंबील एकदम हलतात आणि ऊन त्यांच्यातून गाळून आल्यासारखं खालच्या जमिनीवर पडतं. त्या खिडकीत बसून मी कामाचे किती तास घालवलेत, त्याचा जाब कुणी विचारला नाही हे सोसायटीचे उपकार.

वलांडीची जागा सासूकडून सुनेकडे जाते. उत्तरेच्या कडेला, खाडीकडून वारा थेट येतो अशा बारा काठ्यांच्या जागेला मान मोठा. तिथला बोंबील दोन दिवस आधी वाळतो आणि त्याला लाल डाग पडत नाही. ती जागा ज्या म्हातारीची, ती पेटी आल्याच्या दोन वर्षांनी आषाढात गेली. मागे सून, तीही आता पन्नाशीला टेकलेली, नवरा नाही. चुलत दिराचं म्हणणं, जागा घराण्याची, तेव्हा माझ्या बायकोला मिळायला हवी. श्रावणात कमिटी बसली, जागा सुनेच्या नावावर करायचं ठरलं, कागदावर सह्या झाल्या. सोसायटीच्या कारकुनाने कागदाचा फोटो काढून नोंद पेटीत केली आणि कागद कपाटात ठेवला. कपाटाच्या नेमकं वर छप्पर गळतं. पंधरा दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा सगळ्या सह्यांची शाई एकमेकींत मिसळून कागदावर निळी खाडी झाली होती.

म्हणजे तिच्या जागेचा पुरावा आता फक्त माझ्या पेटीत. आणि सोसायटीचा नियम असा, की वर्षाच्या सभेला ज्या जागेची नोंद स्वच्छ दाखवता येणार नाही, त्या जागेची चिठ्ठी टाकायची. ज्याचं नाव निघेल त्याची जागा.

सभा भाद्रपद संपता संपता, एका शनिवारी होती. त्या आधीच्या मंगळवारी दुपारी मी फरशीवर पाय गार करत बसलो होतो. जेवण झालं होतं. पडद्यावर एक सूचना बरेच दिवस लुकलुकत होती, सिस्टिमचे नवे बदल थेंबाथेंबाने उतरून झाले आहेत, घ्यायचे का? मी खिडकीबाहेर पाहत होतो. ओहोटी लागलेली, चिखलावर एक बगळा एकेक पाय जपून टाकत चालला होता. मी ‘हो’ दाबलं. परत विचारलं, सगळे घ्यायचे का? ‘हो’. बगळा थांबला. जुनं काढून टाकू का? ‘हो’. मला वाटतं मी तीन-चारदा ‘हो’ म्हणालो. बगळ्याने चोच मारली आणि त्याला काहीही मिळालं नाही.

पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली. डेटाबेस मात्र उठला नाही.

कारकून समोरच्या टेबलावर सुपारी कातरत होता. म्हणाला, “सायेब, तो हिरवा दिवा लागत न्हाय.”

“लागेल.”

“काल लागला होता.”

“काल लागला होता म्हणूनच आज लागेल,” मी म्हटलं. आपल्या बोलण्यात काही अर्थ नाही हे मला बोलतानाच कळलं, पण ते ऐकायला बरं वाटलं.

धाकटा भाऊ एका पायरीने पुढे गेला होता. नवी आवृत्ती, पोटातल्या वाचनालयाची नवी मांडणी. डेटाबेसला हवं ते पुस्तक जुन्या फळीवर नव्हतं. शिवाय जाता जाता त्याने ती एक ओळही पुसून स्वतःचं खरं नाव लिहून टाकलं होतं. गरीब माणूस दोन वर्षं मुकाट्याने दुसऱ्याच्या नावाने वावरला आणि संधी मिळताच पहिलं काम त्याने ते केलं.

“बॅकअप आहे ना?” मी विचारलं. रोज सकाळी सगळ्या नोंदींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाईल अशी सोय मीच करून दिली होती.

“हाय की,” कारकून म्हणाला. तो आतल्या खोलीत गेला आणि पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात तांदूळ. तांदळात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली डिस्क. “पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून जूनलाच काढून ठेवली. एक थेंब लागू दिला न्हाय.”

त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की मी नुसती डिस्क हातात घेतली. डिस्क खरंच कोरडी होती. तिच्यात मे अखेरपर्यंतचं सगळं होतं. म्हातारी अजून जिवंत होती तिच्यात.

त्याच संध्याकाळी सून जिना चढून वर आली. खाली वाळवणात बांबू उतरले होते, त्यातले आपले बारा ती निवडून आली होती. हातांना बांबूची कुसं लागलेली.

“माजं नाव हाय ना रं त्यात?” तिने टेबलाखाली बोट केलं.

“आहे, आहे.”

“दाखव.”

“आत्ता ते जरा झोपलंय.”

“आन तू?” ती म्हणाली, आणि खाली गेली.

मी कंपनीकडे तक्रार नोंदवली. अर्जात पहिला रकाना, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम? मी थोरल्या भावाचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं: अमुक आज्ञा चालवा, ती तुमच्या यंत्राची सगळी माहिती गोळा करून एक गठ्ठा बांधेल, तो पाठवा. गठ्ठा बांधण्याआधी मी ती एक ओळ पुन्हा खोटी केली. आणि पाठवून निवांत खिडकीत बसलो. मला मनापासून वाटत होतं, की मी हुशारी केली.

दुपारी फोन आला. कंपनीची मदतनीस, बंगळूरहून. इंग्रजी स्वच्छ, आवाज शांत. मीही माझं बरं इंग्रजी काढलं. आमचं चाललं असताना खालून कोणीतरी ओरडलं, “आरं, बर्फ फोडलास का नाय?” आणि मधल्यामध्ये कारकून खिडकीतून वाकून ओरडला, “कवाच फोडला!”

पलीकडचं इंग्रजी वाक्य अर्ध्यातच तुटलं. मग, “सर, तुम्ही महाराष्ट्रातून बोलताय?”

“रायगड. तुम्ही?”

“कराडची.” आणि तिचा आवाज एकदम जवळ आला, तसा धोकादायकही. “मग सर, मराठीतच विचारते. तुमच्या घराच्या दारावर पाटी एक आहे, आणि आतली भांडी दुसऱ्याच नावाची आहेत.”

“म्हणजे?”

“आमच्याकडे लग्नात भांड्यांवर नाव घालतात. तुमच्याकडे घालत असतील.”

“घालतात.”

“तसं सिस्टिमच्या प्रत्येक पॅकेजवर, म्हणजे सुट्या भागावर, ते कुणी बांधलं त्याचं नाव घातलेलं असतं. तुमच्या पाटीवर लिहिलंय थोरल्या घरचं नाव. आत भांडी धाकट्या घरची.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. बगळा नव्हता. “एखाद-दुसरं भांडं शेजारून आलं असेल,” मी म्हटलं.

“दोन हजार आहेत, सर. घरात स्वतःचं एकही नाही?”

यावर खरं तर हसायला हवं होतं. पण मी काय केलं? मी म्हटलं, मी बघतो, कदाचित कोणीतरी बदललं असेल. कोणीतरी! कचेरीत मी आणि कारकून, आणि कारकुनाला माऊसचं डावं बटण कोणतं हेसुद्धा सुपारीच्या हाताने आठवावं लागतं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “सायेब, मी काय बदललं?” मी म्हटलं, काही नाही. तो सुपारी कातरायचा थांबला होता. तेवढं मला पुरलं. मी पुन्हा फोन लावला.

“मी बदललं,” मी तिला सांगितलं. “दोन वर्षांपूर्वी. आणि आज सकाळी पुन्हा एकदा.”

“हं,” ती म्हणाली. “मग मला ही केस बंद करावी लागेल, सर. यादीबाहेरच्या सिस्टिमवर आम्ही मदत देत नाही. नियम आहे.”

मग मी तिला बारा काठ्यांची जागा सांगितली. म्हातारी सांगितली, निळी खाडी झालेला कागद सांगितला, शनिवार सांगितला. तांदळातली डिस्क सांगितली तेव्हा तिने तोंडावर हात ठेवल्यासारखा आवाज आला. मी फारच वेळ बोलत होतो. थांबलो तेव्हा मला माझ्याच पायाखालची फरशी घुमताना ऐकू आली.

“त्या बाईंचं नाव जाऊ द्यायचं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही थोरल्या सिस्टिमचा परवाना का नाही घेतला?”

“घेतला होता. किल्ली चेअरमनच्या मेलमध्ये आहे.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं.”

तिने विषय तिथेच सोडला, हा तिचा मोठेपणा. मग एकेक पायरी सांगत गेली. दुसऱ्या यंत्रावर थोरली सिस्टिम बसवा, यादीतलीच आवृत्ती. जुन्या पेटीतल्या डेटाबेसच्या फाइलींना हात न लावता त्यांची प्रत तिकडे न्या. तिथे जे होईल त्यात मी पूर्ण मदत करीन, कारण मग ते आमच्या नियमात बसतं. पण त्याआधी तक्रारीत काय घडलं ते तुमच्या शब्दांत लिहा.

मी लिहिलं. अनवधानाने नावाची ओळ बदलली गेली होती, वगैरे. दहा मिनिटांत तिचा फोन.

“सर, ‘अनवधानाने’ काढा.”

“का?”

“दोनदा बदललंय. अनवधान एकदाच होतं.”

काढलं. “‘बदलली गेली’ पण काढा,” ती म्हणाली. “‘मी बदलली’ लिहा.” तेही लिहिलं.

चेअरमन जेट्टीवर जाळ्याची शिवण करत बसले होते. मी किल्लीचं विचारलं. त्यांनी गुडघ्यावरचं जाळं न सोडता खिशातून फोन काढून दिला. “बघ त्यात. कवापासून पडलीय.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“तू इचारलंस का?” ते म्हणाले. “दोन वरसं मी हितंच बसलोय.”

किल्ली मिळाली, पण थोरली सिस्टिम उतरवून घेण्याएवढं नेट कोळीवाड्यात नाही. गुरुवारी मी अलिबागला घरी गेलो, रात्रीपर्यंत ती उतरली, आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीत मी ती पेनड्राइव्हवर घेऊन बसलो. खिडकीची जागा मिळाली. नारळ-सुपारीच्या वाड्या मागे जाऊ लागल्या, ओल्या मातीचा आणि जळत्या झावळ्यांचा वास येत-जात राहिला. मला आठवतं ते एवढंच. कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा गाडी माझा थांबा सोडून पुढच्या गावात उभी होती.

“पास हाय का मुक्कामाचा?” त्याने विचारलं.

परतीची गाडी दोन तासांनी. मी किनाऱ्याने चालत निघालो. पूर्ण ओहोटी होती. समुद्र इतका लांब गेला होता, की त्याचा आवाज मागच्या खोलीतून कुणी बोलत असल्यासारखा येत होता. ओल्या वाळूवर आकाश पडलेलं, आणि मी त्याच्यावरून चाललेला, हातात चपला. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती. मी तिला वळसा घालून जात होतो, जणू कुणाच्या दारातली आहे. सुरूची बनं वाऱ्याने एकच लांब शब्द उच्चारत होती. खिशात पेनड्राइव्ह. मला वाटलं, या एवढ्याशा खिशात मी एका यंत्राचं खरं नाव नेतोय, आणि तिकडे एक बाई बारा बांबू निवडून वाट बघतेय, आणि या दोन गोष्टींच्या मध्ये जगात फक्त हा किनारा आहे. असं बरंच काही वाटलं. इतकं, की सुरूच्या सावलीत जरा टेकावं असंही वाटलं. टेकलो असतो. पण एक कुत्रं मागे लागलं, कोळीवाड्यापर्यंत. त्याचे मी आजही उपकार मानतो.

दुपारपासून संध्याकाळपर्यंत काम चाललं. दुसरं यंत्र म्हणजे कारकुनाचाच संगणक, त्याच्यावर थोरली बसली. तिने नाव सांगितलं, खरं सांगितलं, आणि मला उगाच तिच्यापुढे थोडी लाज वाटली. फाइलींची प्रत होत असताना पडद्यावरची पट्टी भरतीसारखी इंचाइंचाने चढत होती. कराडची बाई फोनवर होती. ती म्हणायची, आता हे लिहा, मी लिहायचो. आता थांबा. मी थांबायचो. मधेच विचारायची, “सर, जागे आहात ना?” एकदा मी खरंच नव्हतो.

सहाच्या सुमाराला डेटाबेस उठला. हिरवा दिवा. कारकुनाने सुपारीचा अडकित्ता खाली ठेवून हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. श्रावणातली नोंद जागेवर होती, बाईचं नाव, बारा काठ्या, उत्तर कड, आणि सह्यांच्या कागदाचा कोरडा फोटो. कराडच्या बाईने सगळ्या फाइली तपासून तक्रारीत शेवटची ओळ लिहिली, की नोंदींमध्ये कुठेही तूट किंवा बिघाड आढळला नाही.

मला वाटलं, झालं. पण कोळीवाड्यात खालून वर ओरडलेलं जसं ऐकू येतं तसं वरून खालीही येतं. माझ्या फोनवरच्या कबुल्या बुधवारपासून बर्फाच्या कारखान्यात ऐकल्या जात होत्या.

शनिवारी सभा लिलावाच्या शेडमध्ये. बायका पुढे, पुरुष खांबांना टेकून. उत्तर कडेची जागा निघाली तसा चुलत दीर उठला. आवाज चढवला नाही, हेच वाईट.

“चेअरमन, मना एकच इचारायचं. ही पेटी दोन वरसं आपलं नाव खोटं सांगत होती का न्हाय?”

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “होती.”

“जी आपलं नाव खोटं सांगते, ती दुसऱ्याचं खरं सांगेल कशावरून? टाका चिठ्ठी.”

शेडमध्ये कुजबुज झाली. सून पुढे बसली होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. तिच्या मानेची एक शीर तेवढी दिसत होती. त्या क्षणी मला कळलं, की दोन वर्षांपूर्वी मी जी ओळ खोडली ती कुठपर्यंत येऊन पोचली होती.

“तुझ्याकडं काही लिखत हाय का?” चेअरमननी मला विचारलं.

“कंपनीच्या तक्रारीचा कागद आहे. नोंदी नीट आहेत असं लिहिलंय शेवटी.”

“वाच.”

मी शेवटची ओळ शोधू लागलो.

“पयल्यापासून वाच,” ते म्हणाले. “अर्धं नको. अर्धं वाचलंस तर हा म्हणेल, मधी काय हाय.”

मग मी उभा राहून ती सगळी तक्रार वाचली. इंग्रजीतून मराठीत आणत, अडखळत. ग्राहकाने सिस्टिमचे नाव चुकीचे कळवले. ग्राहकाने माहिती पाठवण्यापूर्वी नाव पुन्हा बदलले. ग्राहकाचे म्हणणे, काही पॅकेजेस शेजारून आली असावीत. इथे बायकांमध्ये पहिली हसली, मग सगळ्याच. ग्राहकाकडे योग्य परवाना दोन वर्षांपासून उपलब्ध होता. खांबाजवळून कोणीतरी म्हणालं, “आता हा ग्राहक कोन रं?” आणि दुसरा म्हणाला, “समोर उभा हाय की, शाल दिलेली त्याला.” वाचता वाचता माझे कान इतके तापले, की शेडचा पत्रा आपल्यामुळे तापलाय असं वाटू लागलं. आणि विचित्र म्हणजे, प्रत्येक ओळीबरोबर आत काहीतरी हलकंही होत होतं, ओहोटीच्या वाळूवर चालल्यासारखं. शेवटची ओळ आली. तूट नाही, बिघाड नाही.

“नाव मी खोटं लिहिलं,” मी दिराला म्हटलं. “पेटीने नाही. पेटीने तर पहिल्याच संधीला ते पुसलं. आतल्या नोंदीला मी हात लावलेला नाही. लावता आला असता तर इतकी फजिती झाली असती का?”

कारकुनाने कचेरीतून उचलून आणलेल्या संगणकाचा पडदा फिरवून चेअरमनसमोर धरला. त्यांनी डोळे बारीक करून फोटोतली सही पाहिली, आणि दिराला जवळ बोलावलं.

“ही सही कोनाची?”

“तुमची.”

“खोटी हाय?”

दीर खांबाकडे परत गेला. चेअरमननी पुढच्या जागेचं नाव पुकारलं, आणि उत्तर कडेच्या बारा काठ्या सुनेच्या झाल्या, तेवढ्या सहज, जणू कधी कुणी हरकत घेतलीच नव्हती.

सभा संपल्यावर मी मुद्दाम वाळवणाच्या बाजूने गेलो. ती आपल्या जागेवर पहिल्या बांबूसाठी खड्डा खणत होती. खाडीकडून वारा थेट येत होता, खरंच. मी थोडा वेळ उभा राहिलो, दोन चांगले शब्द कानावर पडतील म्हणून. तिने पहार बाजूला ठेवली.

“ती फोनवरची बाई, तिचा पत्ता दे,” ती म्हणाली. “पयले बोंबील वाळले की डबा धाडते.”

“देतो की. आणि मला?”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बांबू निवडताना पाहते तसं.

“तुला कशाला? मोडलंस तू, जोडलं तिनं.”